फी न घेणारा गुरू : सॉक्रेटिस

खरे बोलावे, चोरी करू नये, दुबळ्याला मदत करावी, हे आपण घरी आणि शाळेत लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण खरे का बोलावे? खरे बोलल्याने एखाद्या निरपराध माणसाचा जीव जाणार असेल, तरीही बोलावे का? वडिलांच्या हातून गुन्हा घडला तर मुलाने तो उघड करावा का? कायदा अन्यायाचा वाटला तर मोडावा का? अशा प्रश्नांचा शिस्तीने विचार करणाऱ्या शास्त्राला नीतिशास्त्र म्हणतात.

पूर्वी हे शास्त्र नीट शिकायचे तर मोठ्या विद्यापीठात प्रवेश मिळवावा लागे. आता तशी अडचण राहिलेली नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठाने २००७ साली आपल्या काही वर्गांतील व्याख्याने इंटरनेटवर विनामूल्य ठेवण्यास सुरुवात केली. २००९ साली हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक मायकेल सँडेल यांची न्याय या विषयावरील व्याख्याने बारा भागांत सर्वांसाठी खुली झाली. आपल्या देशातही २०१७ सालापासून स्वयम् या सरकारी संकेतस्थळावर अनेक विषयांचे वर्ग फुकट ऐकता येतात. घरातल्या संगणकावर किंवा आईबाबांच्या मोबाइलवर जगातील नामवंत प्राध्यापक शिकवू लागले आहेत.

नीतिशास्त्राची अशी कोणतीही व्याख्याने ऐकायला बसा, एका माणसाचे नाव बहुधा लवकरच कानावर पडते. त्याने एकही पुस्तक लिहिले नाही. त्याने शाळा काढली नाही. आयुष्यभर तो शिकवत राहिला, पण कोणाकडून फी घेतली नाही. त्याचे नाव सॉक्रेटिस. फुकट मिळणाऱ्या ज्ञानाचे काय करायचे, हा प्रश्न आज आपल्यापुढे आहे. त्याचे उत्तर शोधताना या माणसाचे चरित्र फार उपयोगी पडते.

सॉक्रेटिसचा जन्म इ.स.पू. ४७० च्या सुमारास ग्रीसमधील अथेन्स नगरात झाला. वडील सोफ्रोनिस्कस हे दगड घडवणारे कारागीर होते आणि आई फिनारीटी सुईण होती. आईच्या कामाचा त्याला पुढे मोठा अभिमान वाटे. सुईण स्वतः बाळाला जन्म देत नाही, ती दुसरीच्या बाळंतपणात मदत करते. आपलेही काम तसेच आहे, असे तो सांगत असे. विचार ज्याचा त्यालाच जन्माला घालावा लागतो, आपण फक्त प्रश्न विचारून मदत करतो, असा त्याचा दावा होता.

दिसायला तो देखणा नव्हता. नाक बसके, डोळे बटबटीत, पोट सुटलेले. उन्हाळा असो वा हिवाळा, अंगावर तोच एक झगा आणि पाय अनवाणी. मात्र शरीराने तो काटक होता. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात इ.स.पू. ४३१ ते ४०४ या काळात मोठे युद्ध चालले. त्या काळातील पोटिडिया, डेलियम आणि अँफिपोलिस येथील मोहिमांत तो साधा शिपाई म्हणून लढला. पोटिडियाच्या वेढ्यात बर्फावरूनही तो अनवाणी चालत असे. तिथल्याच एका लढाईत जखमी झालेल्या अल्सिबायडीस नावाच्या तरुणाचा जीव त्याने वाचवला. शौर्याचे बक्षीस देण्याची वेळ आली, तेव्हा ते त्या तरुणालाच द्यावे, असा आग्रह त्याने धरला. याच छावणीत एकदा तो एका प्रश्नाच्या विचारात सकाळी उभा राहिला, तो दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत तसाच उभा होता, अशी हकिगत त्याचा शिष्य प्लेटो याने नोंदवून ठेवली आहे.

त्या काळी अथेन्समध्ये लोकशाही होती. सभेत उभे राहून मुद्दा पटवून देता आला तर माणूस पुढे येई. न्यायालयात वकील नसत. ज्याने त्याने आपली बाजू आपणच मांडायची. त्यामुळे वक्तृत्व शिकवणाऱ्या शिक्षकांना भारी मागणी होती. त्यांना सोफिस्ट म्हणत. हे गावोगावी फिरत आणि भरपूर फी घेत. एव्हिनस नावाच्या शिक्षकाची फी पाच मिना होती. एक मिना म्हणजे शंभर ड्राक्मा, आणि एक ड्राक्मा ही साधारण एका कुशल कारागिराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे पाच मिना जमवायला कारागिराला पाचशे दिवस राबावे लागे. गंमत अशी, की सॉक्रेटिसचे घर आणि घरातले सगळे सामान विकले तर सुमारे पाच मिना येतील, असा अंदाज त्याने स्वतःच केल्याचे झेनोफन या त्याच्या दुसऱ्या शिष्याने लिहिले आहे. एका शिक्षकाची फी आणि दुसऱ्याची सारी मालमत्ता, दोन्ही सारखीच!

फी न घेण्यामागे त्याचे कारण होते. पैसे घेतले की देणाऱ्याला हवे ते शिकवावे लागते आणि जो येईल त्याच्याशी बोलावे लागते. त्याला ते बंधन नको होते. शिवाय आपल्याला काही येते, असा त्याचा दावाच नव्हता. मग कशाचे पैसे मागायचे? तो सकाळीच बाजारचौकात, आखाड्यात किंवा एखाद्या कारागिराच्या दुकानात जाऊन बसे. श्रीमंत सरदारपुत्र असो, सेनापती असो की चांभार, जो बोलायला तयार असेल त्याच्याशी बोले. उदाहरणेही सुतार, चांभार, स्वयंपाकी, वैद्य यांच्या रोजच्या कामातली. हा सदान्‌कदा चांभार आणि आचाऱ्यांबद्दलच काय बोलतो, अशी मोठ्या लोकांची तक्रार असे.

आपल्याकडे कीर्तनाला किंवा प्रवचनाला तिकीट नसते. देवळात जो येईल तो ऐकतो. सॉक्रेटिसचा वर्गही तसाच खुला होता. फरक इतकाच, की तिथे नुसते ऐकून चालत नसे. ऐकणाऱ्याला उत्तर द्यावे लागे आणि त्या उत्तरावर पुन्हा प्रश्न येई.

हा खटाटोप त्याने का सुरू केला, याची एक कथा आहे. त्याचा बालमित्र कॅरिफोन याने डेल्फीच्या देवळात जाऊन विचारले, की सॉक्रेटिसहून शहाणा कोणी आहे का? कोणी नाही, असा कौल मिळाला. सॉक्रेटिस बुचकळ्यात पडला. आपल्याला तर काहीच कळत नाही, मग देव असे का सांगतो? कौल तपासून पाहण्यासाठी तो राजकारणी, कवी आणि कारागीर यांच्याकडे गेला. न्याय म्हणजे काय, धैर्य म्हणजे काय, चांगले जगणे म्हणजे काय, असे साधे प्रश्न त्याने विचारले. सगळ्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने उत्तरे दिली आणि थोड्याच वेळात प्रत्येक जण आपल्याच बोलण्यात अडकला. तेव्हा कौलाचा अर्थ त्याला उमगला. आपल्याला कळत नाही हे इतरांना कळत नव्हते, त्याला ते कळत होते. एवढाच काय तो त्याचा शहाणपणा.

त्याची शिकवण्याची रीत कशी होती, हे पाहायचे तर प्लेटोने सांगितलेला एक प्रसंग गणिताच्या तासालाही सांगण्यासारखा आहे. मेनो नावाच्या श्रीमंत पाहुण्याबरोबर एक गुलाम मुलगा होता. तो कधी भूमिती शिकला नव्हता. सॉक्रेटिसने जमिनीवर दोन फूट बाजूचा चौरस काढला. त्याचे क्षेत्रफळ चार चौरस फूट. याच्या दुप्पट, म्हणजे आठ चौरस फुटांचा चौरस काढायचा तर बाजू किती घ्यावी, असे त्याने मुलाला विचारले. मुलगा पटकन म्हणाला, चार फूट. काढून पाहिले तर क्षेत्रफळ सोळा झाले. मग तो म्हणाला, तीन फूट. तेही नऊ झाले. मुलगा गोंधळला आणि आपल्याला येत नाही हे त्याने कबूल केले. सॉक्रेटिस मेनोला म्हणाला, की याचे नुकसान झालेले नाही, उलट आता हा खरा शोध घेईल. पुढे आणखी काही प्रश्नांनंतर मुलाने ओळखले, की मूळ चौरसाचा कर्ण हीच नव्या चौरसाची बाजू. वहीत आकृती काढून तुम्हीही पडताळून पाहा. उत्तर आयते सांगितले असते तर मुलाने ते पाठ केले असते. चुकून, थांबून, पुन्हा विचार करून मिळालेले उत्तर मात्र त्याचे स्वतःचे झाले.

नीतीचे प्रश्नही सॉक्रेटिस असेच सोडवायला घेई. युथिफ्रो नावाचा एक गृहस्थ आपल्याच वडिलांवर मनुष्यवधाचा खटला भरायला निघाला होता. हे पुण्याचे काम आहे, याची त्याला खात्री होती. मग पुण्य म्हणजे काय, असे सॉक्रेटिसने विचारले. देवांना जे आवडते ते पुण्य, असे युथिफ्रोने सांगितले. यावर सॉक्रेटिसने जो प्रश्न टाकला, त्याच्यावर तत्त्वज्ञ आजही वाद घालतात. देवांना आवडते म्हणून ते चांगले ठरते, की ते मुळात चांगले असते म्हणून देवांना आवडते? युथिफ्रोला उत्तर देता आले नाही. कामाची घाई आहे, असे सांगून तो निघून गेला.

अर्थात अशा माणसाला शत्रूही भरपूर मिळतात. भर चौकात आपले अज्ञान उघडे पडले, हे प्रतिष्ठितांना कसे रुचावे? तरुण मुले त्याची नक्कल करून घरच्या मोठ्यांना प्रश्न विचारू लागली, ते आणखी वेगळेच. इ.स.पू. ४२३ साली ॲरिस्टोफेनिस या नाटककाराने ढग नावाच्या नाटकात त्याची यथेच्छ टिंगल केली. त्या नाटकातला सॉक्रेटिस टोपलीत बसून हवेत लटकतो, फी घेतो आणि खोट्याचे खरे करायला शिकवतो. प्रत्यक्षात यातले काहीच खरे नव्हते, पण लोकांच्या मनात तेच चित्र बसले.

बोलतो तसे वागण्याची वेळही त्याच्यावर आली. इ.स.पू. ४०६ साली अथेन्सच्या आरमाराने एक मोठी लढाई जिंकली. परंतु वादळामुळे बुडणाऱ्या सैनिकांना वाचवता आले नाही. लोक संतापले आणि सर्व सेनापतींचा निकाल एकाच मतदानाने लावावा, अशी मागणी झाली. प्रत्येकाची चौकशी वेगळी व्हावी, असा नियम होता. त्या वेळी सॉक्रेटिस कारभारी मंडळात होता. जमाव आरडाओरडा करत असतानाही त्याने या बेकायदा ठरावाला संमती दिली नाही. त्याचे कोणी ऐकले नाही आणि सहा सेनापतींना देहदंड झाला. पुढे अथेन्सला पश्चात्ताप झाला, पण गेलेले जीव परत आले नाहीत.

दोन वर्षांनी युद्धात अथेन्सचा पराभव झाला आणि तीस हुकूमशहांचे राज्य आले. त्यांनी सॉक्रेटिस आणि आणखी चौघांना बोलावून लिऑन नावाच्या निरपराध माणसाला पकडून आणायचा हुकूम सोडला. चौघे गेले. सॉक्रेटिस सरळ आपल्या घरी गेला. ते राज्य लवकरच कोसळले नसते तर त्याच वेळी त्याचा जीव गेला असता.

इथे एक अवघड गोष्टही सांगायला हवी. या तिसांचा पुढारी क्रिटियस हा एके काळी सॉक्रेटिसच्या सोबत वावरलेला होता. ज्याचा जीव त्याने वाचवला तो अल्सिबायडीसही पुढे आपले नगर सोडून शत्रूला, स्पार्टाला, जाऊन मिळाला. चांगले काय ते नीट कळले की माणूस चांगलेच वागतो, असे सॉक्रेटिस मानत असे. नंतरच्या पिढीतला तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने त्यावर आक्षेप घेतला. नुसते कळून भागत नाही, चांगले वागण्याची सवय लागावी लागते, असे त्याचे म्हणणे होते. नीतीवरची व्याख्याने ऐकणाऱ्या प्रत्येकाने हा आक्षेप लक्षात ठेवावा. सॉक्रेटिसला ऐकलेली सगळीच माणसे सुधारली नाहीत, मग व्याख्याने ऐकून आपण आपोआप सुधारू, हे कशावरून?

लोकशाही परत आली, पण मने कडवट झाली होती. इ.स.पू. ३९९ साली मेलिटस, अनिटस आणि लायकन या तिघांनी सत्तर वर्षांच्या सॉक्रेटिसवर खटला भरला. नगराचे देव न मानणे, नवी दैवते आणणे आणि तरुणांना बिघडवणे, हे आरोप होते. चिठ्ठ्या टाकून निवडलेले सुमारे पाचशे नागरिक न्याय द्यायला बसले होते. त्याने गयावया केली नाही, बायकामुलांना आणून रडवले नाही. आपण फी घेत नाही याचा पुरावा म्हणून त्याने आपले दारिद्र्यच पुढे केले. प्रश्न विचारणे बंद केल्यास सोडून देऊ, असे कोणी म्हटले तरी ते मान्य होणार नाही, हेही त्याने आधीच सांगून टाकले. तो दोषी ठरला. तीस मते इकडची तिकडे झाली असती तर तो सुटला असता.

मग शिक्षा ठरवायची वेळ आली. फिर्यादींनी देहदंड मागितला. आरोपीनेही आपल्याला योग्य वाटणारी शिक्षा सुचवायची, अशी पद्धत होती. हद्दपारी मागितली असती तर ती बहुधा मिळाली असती. पण आपण नगराचे भलेच केले आहे, तेव्हा आपल्याला सरकारी खर्चाने जेवण मिळावे, असे सॉक्रेटिसने सुचवले! शेवटी मित्रांच्या आग्रहाने तीस मिना दंड देऊ केला. न्यायमंडळाने देहदंड दिला.

त्याच सुमारास डेलॉस बेटावर पवित्र जहाज गेलेले होते. ते परत येईपर्यंत कोणाला ठार मारायचे नाही, असा रिवाज होता. त्यामुळे तो सुमारे महिनाभर तुरुंगात राहिला. एके दिवशी पहाटे त्याचा जुना मित्र क्रिटो आला. पहारेकऱ्याला वश केले होते, पळून जायची सगळी तयारी झाली होती. सॉक्रेटिसने त्यालाही प्रश्नच विचारले. आपल्यावर अन्याय झाला म्हणून आपण उलट अन्याय करावा का? ज्या नगराच्या कायद्यांच्या छायेत सत्तर वर्षे राहिलो, त्यांनी आपल्याविरुद्ध निकाल दिला म्हणून ते मोडावेत का? क्रिटोला उत्तर सापडले नाही. सॉक्रेटिस तुरुंगातच राहिला. शेवटच्या दिवशी मित्रांशी मृत्यू आणि आत्मा यांवर बोलत बसला आणि संध्याकाळी हेमलॉक या विषारी वनस्पतीचा रस शांतपणे प्याला. मागे पत्नी झँथिपी आणि तीन मुलगे राहिले.

त्याच्या मृत्यूने हादरलेल्या प्लेटोने पुढे गुरूची संभाषणे लिहून काढली. म्हणूनच आज ती आपल्यापर्यंत पोचली आहेत. येल विद्यापीठातील शेली केगन यांनी मृत्यू या विषयावर दिलेल्या विनामूल्य व्याख्यानांत त्या शेवटच्या संध्याकाळच्या संभाषणाची सविस्तर चर्चा आहे.

लिहिलेल्या शब्दांविषयी मात्र सॉक्रेटिसला शंका वाटत असे, असे प्लेटोनेच नोंदवले आहे. चित्रातला माणूस जिवंत दिसतो, पण त्याला काही विचारले तर तो गप्प राहतो. लिहिलेले शब्दही तसेच, असे तो म्हणे. आजच्या चित्रफितींनाही हे लागू पडते. २०१३ साली अमेरिकेतील सॅन होजे राज्य विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने सँडेल यांना खुले पत्र लिहून त्यांची मुद्रित व्याख्याने आपल्या वर्गात वापरण्यास नकार दिला. समोरासमोरची चर्चा जाऊन फक्त पडदा उरेल, अशी त्यांना भीती होती. आपली व्याख्याने सहकारी प्राध्यापकांना दुबळे करण्यासाठी वापरली जावीत अशी आपलीही इच्छा नाही, असे सँडेल यांनी कळवले. त्यांच्या व्याख्यानांचे वैशिष्ट्यच मुळी हे आहे, की ते सभागृहातल्या विद्यार्थ्यांना उभे करून प्रश्न विचारतात आणि एकाचे उत्तर दुसऱ्याकडून तपासून घेतात. घरी बसून पाहणाऱ्याला मात्र कोणी उभे करत नाही. ते काम त्याने स्वतःच करायचे असते.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, ही व्याख्याने जरूर ऐका, पण एकटे ऐकू नका. दोघेचौघे मिळून बसा. प्राध्यापकांनी प्रश्न विचारला की तिथेच थांबवा, प्रत्येकाने आपले उत्तर आणि त्यामागचे कारण वहीत लिहा, मग पुढे ऐका. व्याख्यान बहुधा इंग्रजीत असेल. चर्चा मात्र बिनधास्त मराठीत करा. सॉक्रेटिसने बाजारातल्या बोलीतच न्यायाचा शोध घेतला होता, हे विसरू नका.

पालकांनाही विनंती आहे. मुलाने का, असे विचारले तर त्याला उद्धट ठरवण्याची घाई करू नये. आणि विश्वस्त मंडळाने आठवड्यातून एक तास शाळेची संगणक खोली अशा सामूहिक श्रवणासाठी खुली केली, तर फार मोठा खर्च न होता एक चांगला उपक्रम उभा राहील. एखाद्या शिक्षकाने प्रश्न विचारण्यापुरते तिथे बसले तरी पुरे.

पहिल्या बैठकीसाठी एक प्रश्न इथेच देऊन ठेवतो. तीस हुकूमशहांचा हुकूम सॉक्रेटिसने मोडला. पण आपल्याला देहदंड देणारा न्यायालयाचा निकाल मात्र त्याने पाळला. या दोन वागण्यांत विसंगती आहे का? असेल तर कोणते वागणे चुकले, आणि नसेल तर दोन्हींमागचे तत्त्व एकच कसे? एका पानात उत्तर लिहा आणि ज्याचे उत्तर तुमच्या उलट आहे, अशा मित्राला आधी वाचून दाखवा.